झाकणं, मुंग्या आणि टीप क्रमांक सात

१ एप्रिल, सकाळ
नवं आर्थिक वर्ष, नवी डायरी. संकल्प तीन. चिडायचं नाही. वाक्यं आखूड लिहायची. रोज सकाळी चालायचं. चालणं उद्यापासून, आज बूट ओले आहेत.

१ एप्रिल, दुपार
चिडलो. इलाज नव्हता. कुणा शेअरहोल्डरचा मेल आला. तुमच्या कंपनीची निवेदनं तीन-तीनदा वाचून कळत नाहीत, सरळ का लिहीत नाही म्हणतो. अरे, सरळच लिहायचं तर मला कशाला ठेवलंय? आम्ही औषधाच्या बाटल्यांची झाकणं बनवतो आणि आमची कंपनी शेअर बाजारात आहे. म्हणजे कंपनीत बरंवाईट जे होईल ते गुंतवणूकदारांना वेळेत कळवलं पाहिजे, असा नियामकाचा कायदा. ते कळवणारा मी. कंपनी सेक्रेटरी. अकरा वर्षं झाली. नातेवाइकांना अजून वाटतं, मी कुणाचे तरी फोन उचलतो.

कळवणं काय, कुणीही कळवेल. कळवूनही कुणाला काही कळलं नाही पाहिजे, ही खरी कला. तिची कदर कुणाला आहे? शिसारी येते या लोकांची.

३ एप्रिल, रविवार
सासरे जेवायला. दर रविवारी असतात. दातांचे डॉक्टर होते, आता निवृत्त. समोरचा माणूस बोलायला लागला की अजूनही आधी त्याच्या दाढांकडे बघतात. सवय घाणेरडी आहे, पण सांगणार कोण.

दोन वर्षांपूर्वी दवाखाना विकला आणि आलेले सगळे पैसे आमच्या कंपनीच्या शेअर्समध्ये घातले. सगळे. त्यांचं आणि सासूबाईंचं म्हातारपण आता आमच्या झाकणांवर उभं आहे. मला विचारलं नाही. विचारलं असतं तर मी नको म्हटलं असतं, कारण आमच्या कंपनीची मला किळस आहे. आजही जेवताना तासभर बोललो. साहेब लबाड, फायनान्सवाला बुळा, कॅन्टीनचा चहा म्हणजे फरशी पुसलेलं पाणी. सासरे शांतपणे जेवत होते. हात धुताना म्हणाले, चला, शिव्या चालू आहेत म्हणजे कंपनी ठीक आहे.

याचा अर्थ मला लागला नाही. वय झालंय त्यांचं.

ही पुन्हा वॉशिंग मशीनबद्दल बोलली. जुनं मशीन कपडे पिळताना चालत चालत बाथरूमच्या दारापर्यंत येतं. तिला म्हटलं, बोनस झाला की बघू.

८ एप्रिल
साहेबांनी गोदामात पाठवलं. परत आलेल्या मालावर सही करायला. हे माझं काम नाही, पण गेलो. आमच्या सगळ्यात मोठ्या गिऱ्हाइकाने, खोकल्याचं औषध बनवणाऱ्या कंपनीने, दोन ट्रक परत पाठवलेत. आमची झाकणं लावलेल्या भरल्या बाटल्या. झाकणं गळतात. खोकी ओली, पुठ्ठा काळा पडलेला, खाली सगळीकडे गुलाबी चिकट थारोळं. मुंग्यांच्या रांगा भिंतीवरून छतापर्यंत. नाकाला रुमाल लावला. पाऊल उचललं की बूट चर्र करून सुटायचा.

गोदामवाला म्हणाला, हे महिनाभर चाललंय. मला कुणी सांगितलं नाही. कंपनीतली माहिती जगाला देणारा मी, आणि मला माहिती गोदामवाल्याकडून. वीट आलाय.

९ एप्रिल
घरात मुंग्या. चपलांच्या स्टँडला काळी झालर लागल्यासारख्या. हिला म्हटलं, घर जरा स्वच्छ ठेवत जा. तिने माझा बूट उचलला, माझ्या नाकासमोर धरला आणि खाली ठेवला. एवढंसं घर आणि एवढा आकस.

११ एप्रिल
मोठ्या गिऱ्हाइकाचा मेल आला. यापुढे झाकणं दुसरीकडून घेणार. आमची निम्मी विक्री गेली.

तातडीची मीटिंग. साहेब, फायनान्सवाला, मी. मी नियमावली उघडूनच बसलो. म्हटलं, इतकं मोठं काही घडलं तर चोवीस तासांच्या आत बाजाराला कळवावंच लागतं. साहेब म्हणाले, पण घडलंय कुठे? त्यांनी घ्यायचं थांबवलंय, सोडलंय असं कुठे लिहिलंय? फायनान्सवाला म्हणाला, खरंच की. त्याच्या कपाळाला घाम होता आणि तो रुमालाऐवजी मीटिंगचा अजेंडा घेऊन पुसत होता. अशा माणसांबरोबर मी आयुष्य काढतोय.

मी ताठ राहिलो. कळवावं लागेल म्हणजे लागेल, असं ठणकावून सांगितलं. साहेब म्हणाले, मग कळवा की. तुमच्या भाषेत कळवा.

माझी भाषा! अकरा वर्षांत पहिल्यांदा दाद मिळाली.

१२ एप्रिल
निवेदन गेलं. इथे उतरवून ठेवतो, पुढे उपयोगी पडेल: कंपनी आपल्या ग्राहकसंबंधांची कालानुरूप फेरमांडणी करत असून, त्यायोगे निवडक ग्राहकांवरील अवलंबित्व लक्षणीयरीत्या कमी होत आहे.

एक शब्द खोटा नाही. अवलंबित्व कमी झालंच आहे. निम्मं.

आजपासून ट्रेडिंग विंडो बंद. म्हणजे आतली बातमी माहीत असलेल्या आम्हा लोकांनी कंपनीचे शेअर विकायचे नाहीत, घ्यायचे नाहीत, आणि बाहेर कुणाला अवाक्षर सांगायचं नाही. सांगितलं तर सांगणारा आत, आणि ऐकून विकणाराही आत. याचं परिपत्रक मीच काढलं. सगळ्यांना पाठवलं. पोच फक्त कॅन्टीनवाल्याने दिली.

१३ एप्रिल
शेअर वर गेला! बाजारातल्या शहाण्यांना वाटलं, आम्ही एका गिऱ्हाइकाच्या तावडीतून सुटलो. एका तज्ज्ञाने आम्हाला दूरदर्शी म्हटलंय. असल्या लोकांच्या हाती लोकांचे पैसे असतात. थू.

संध्याकाळी सासऱ्यांचा फोन. निवेदन वाचलं, काही कळलं नाही, कुणी गेलं का सोडून, असं सरळ विचारलं. मी म्हटलं, बाबा, मला याविषयी बोलता येणार नाही. फोन ठेवला आणि लक्षात आलं. बोलता येणार नाही म्हणणं म्हणजे बोलणंच झालं की! लगेच उलटा फोन केला आणि म्हटलं, बोलता येणार नाही म्हणजे बोलण्यासारखं काही नाही. ते म्हणाले, बरं. सासूबाईंच्या गुडघ्याच्या ऑपरेशनची तारीख घ्यायची होती म्हणून विचारलं, म्हणाले.

१४ एप्रिल
नीट विचार केला. दोन गोष्टी आहेत. सासऱ्यांचे पैसे बुडता कामा नयेत. मी कायदा मोडता कामा नये. साधा माणूस यात अडकला असता. माझ्याकडे मार्ग आहे.

महिनाअखेरीला तिमाही निकाल जाहीर होतात. त्याखाली टिपा असतात. टीप क्रमांक सातमध्ये मी सगळं खरं लिहिणार. गळती, गिऱ्हाईक, निम्मी विक्री, सगळं. कायद्याने, उघडपणे, जगासमोर. सासरे टिपा वाचतात, त्यांना कळेल, ते विकतील. मी सुटलो, ते सुटले.

तोवर तोंडावर ताबा. आणि नुसता तोंडावर नाही, चेहऱ्यावरही. माणसाचा पडलेला चेहरा हीसुद्धा आतली माहिती असते. संकल्प: घरी कंपनीबद्दल प्रसन्न राहायचं.

१७ एप्रिल, रविवार
उत्तम जमलं. सासरे आल्यापासून मी प्रसन्न होतो. जेवताना म्हटलं, साहेब तसे माणूस म्हणून चांगले आहेत. हिने आमटीचा डाव पातेल्यातच सोडला. मग म्हटलं, फायनान्स विभागात हल्ली बराच उत्साह आहे. कन्येने विचारलं, बाबा, ताप आहे का. शेवटी मी कॅन्टीनच्या चहाचीही स्तुती केली. तिथे आवाज थोडा चिरकला, पण सावरून घेतलं.

सासरे घास हातात धरून माझ्याकडे बघत राहिले. दाढांकडे नाही, डोळ्यांकडे. मग म्हणाले, जावईबापू, दुखतंय का कुठे? मी म्हटलं, छे, कुठेच नाही. ते म्हणाले, हं. माझ्या खुर्चीत बसणारे सगळे हेच म्हणायचे.

जाताना चपलांच्या स्टँडपाशी बराच वेळ वाकून उभे होते. कंबर धरली असणार.

एकूण त्यांना जराही संशय आला नाही.

१९ एप्रिल
माझ्याकडेही कंपनीचे शेअर आहेत. दर वर्षी पगारवाढीऐवजी देतात. विंडो बंद, त्यामुळे विकता येत नाहीत. पण येत असते तरी विकले नसते. आज १२ तारखेचं निवेदन पुन्हा वाचलं. पटलं. अवलंबित्व कमी होणं ही खरंच काही वाईट गोष्ट नाही.

२२ एप्रिल
टीप सात तयार. चार दिवस घासली. साहेबांच्या नजरेतून सुटली पाहिजे आणि सुज्ञ वाचकाला समजली पाहिजे, म्हणून सगळं एकाच वाक्यात घेतलं. वाक्य जरा लांब झालंय. पाऊण पान. मध्ये दोन अर्धविराम आहेत, तिथे श्वास घेता येतो. गळतीला ‘आवेष्टनाच्या बंदिस्ततेसंबंधीची निरीक्षणं’ म्हटलंय. गिऱ्हाईक गेलं, याला ‘मागणीचं शून्याच्या दिशेने स्थिरीकरण’.

ऑडिटर आला होता. त्याला आम्ही गोगलगाय म्हणतो. कागदावरून जातो आणि मागे फक्त चहाचा डाग सोडतो. टीप वाचली, दोनदा वाचली, म्हणाला, भाषा फार भारदस्त आहे. आणि सही केली. त्याला वर्षाला एवढी फी देतात. 

२८ एप्रिल
निकाल जाहीर. मग गुंतवणूकदारांबरोबर फोनवर सभा. तासभर टीप सातचा प्रश्न येईल म्हणून मी घसा साफ करत बसलो. बड्या बड्या फंडांची माणसं होती. सगळ्यांनी सुरुवातीला अभिनंदन केलं. एकाने विचारलं, पुढच्या वर्षी नफा किती वाढेल. एकाने विचारलं, कारखान्याच्या छतावर सोलर लावणार का. एकाचा माइक चालू राहिला होता, तो पूर्ण वेळ कुणाला तरी पार्किंगवरून झापत होता. टीप सात कुणी उघडलीसुद्धा नाही.

लोक म्हणतात, कंपन्या माहिती देत नाहीत. दिली की! पाऊण पान दिली! नियामक म्हणतो माहिती द्या, आम्ही देतो, वाचायला कुणाच्या बापाला वेळ नाही, आणि शेवटी विश्वास कशावर, तर साहेबांच्या आवाजावर. शेअर आणखी वर. या बाजाराची घाण येते मला.

सासऱ्यांना फोन केला, निकाल वाचा एवढंच म्हटलं. ते म्हणाले, आता कशाला? मी म्हटलं, टिपा तरी वाचा. ते म्हणाले, डोळ्यांत थेंब घातलेत. माझी सगळी योजना थेंबांवर अडली!

६ मे
संपलं. मोठं गिऱ्हाईकही शेअर बाजारात आहे. त्यांनी आज त्यांच्या गुंतवणूकदारांना कळवलं: झाकणं गळत होती म्हणून पुरवठादार बदलला.

बस. पाच-सहा शब्द. एक अर्धविराम नाही. काय ही भाषा? शाळेतली मुलं बरं लिहितात.

आमचा शेअर बाजार उघडताच खाली गेला. पडायची जी रोजची हद्द असते तिथे जाऊन थांबला. विकायला सगळे, घ्यायला कुणी नाही. साहेब वैयक्तिक कारणांमुळे रजेवर. फायनान्सवाला टेबलाखाली काहीतरी शोधत होता, बराच वेळ.

मला फक्त सासरे दिसत होते. आयुष्यभर लोकांच्या तोंडात वाकून कमावलेले पैसे. आणि सासूबाईंचा गुडघा. दुपारी स्वच्छतागृहात जाऊन तोंडावर पाणी मारलं. रडलो नाही. साबण डोळ्यांत गेला.

७ मे
सासऱ्यांकडे गेलो.  ते कलिंगड खात होते, बिया एका बशीत ओळीने मांडत. मी म्हटलं, बाबा, मला माफ करा, मी सांगू शकत नव्हतो. ते म्हणाले, बसा, फोड घ्या. मग म्हणाले, मी विकले होते हो. सगळे. तुमच्या सासूबाईंची तारीखही घेतली.

मी त्यांच्या पायाच पडलो. आयुष्यात पहिल्यांदा मनापासून. हिला घरी येऊन म्हटलं, बघ, एक तरी माणूस माझ्या टिपा वाचतो. तीन तास मी फार आनंदात होतो.

मग ही म्हणाली, त्यांनी १८ तारखेला विकले. टीप सात आली २८ला.

दिवस जुळत नाहीत. असो. चांगल्या लिखाणाचा परिणाम आधीपासून जाणवत असावा.

२० मे
नियामकाचं पत्र. माझ्या नावाने. विंडो बंद असताना आपल्या सासऱ्यांनी सगळे शेअर विकले. आपण त्यांना कोणती माहिती, कधी आणि कशी दिली, याचा खुलासा करावा.

आख्ख्या बाजाराला काही कळलं नाही आणि चोर कोण, तर मी! नियामकाची किळस आली. मग भीती वाटली. मग पुन्हा किळस. नोकरी जाईल, दंड होईल, सासऱ्यांचे पैसे आहेत तिथेच गोठतील. ऑपरेशन चौदा जूनला आहे. ही पत्र आल्यापासून माझ्याशी फक्त कन्येमार्फत बोलतेय.

२४ मे
वकिलीणबाईंकडे. मी आणि सासरे. खोलीत फायलींचे ढीग, खिडकीत वाळलेली कुंडी, खुर्ची अशी की बसलं की माणूस आपोआप गुन्हेगार दिसतो. बाईंनी माझी अकरा वर्षांची सगळी निवेदनं आधीच मागवून घेतली होती. म्हणाल्या, मी सगळी वाचली. ऊर भरून आला. सगळी वाचणारं कुणीतरी भेटलं!

बाई म्हणाल्या, आपला बचाव तयार आहे. हेच सादर करू. जो माणूस अकरा वर्षं असं लिहितो, त्याच्याकडून कुणालाही कसलीही माहिती मिळणं अशक्य आहे, हे कुणालाही पटेल. टीप सात तर सगळ्यात वर लावू.

मी टीप सातची प्रत उचलून पुन्हा वाचायला घेतली. 

मग त्यांनी सासऱ्यांना विचारलं, शेअर विकले कशामुळे? सासरे म्हणाले, खरं सांगू? जावई बोलतात त्यातलं मला कधीच काही कळत नाही. पण अकरा वर्षं दर रविवारी हा माणूस आमच्या ताटासमोर कंपनीला शिव्या घालतो. तोवर मी निश्चिंत होतो. दुखतंय म्हणणारा पेशंट बरा असतो. १७ तारखेला कंपनीचं कौतुक करायला लागले. साहेबांचं केलं, मी म्हटलं असेल. चहाचं केलं तेव्हा ठरवलं. निघताना यांच्या बुटाभोवती मुंग्या होत्या. तळाला बोट लावलं, वास घेतला. खोकल्याचं औषध. सोमवारी बाजार उघडल्या उघडल्या विकून टाकले.

वकिलीणबाई इतक्या हसल्या की चष्मा फायलीत पडला. मग एकदम गंभीर झाल्या. म्हणाल्या, विचारलं तर हे जसंच्या तसं सांगा. नोकरीचं कौतुक करणं कुठल्याच कायद्यात गुन्हा नाही. बूट दारात काढणंही नाही.

येताना रिक्षात सासरे माझ्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाले, तुमचं तोंड फार प्रामाणिक आहे हो, तुम्ही उगीच त्याच्यावर मेहनत घेता. माझा अपमान झाला की काय, ते अजून ठरलेलं नाही.

१४ जून
ऑपरेशन नीट झालं. हॉस्पिटलचा चहा आमच्या कॅन्टीनपेक्षाही घाण. सासऱ्यांना तसं सांगितलं. ते खूश झाले.

३० जुलै
नियामकाचा आदेश आला. आम्ही सुटलो. शेवटचं वाक्य: संबंधित अधिकाऱ्याच्या लेखी अथवा तोंडी निवेदनांतून कोणासही कोणतीही माहिती मिळाल्याचे आढळून येत नाही.

हिने तो कागद फ्रिजवर लावलाय. सुटका झाली म्हणून असेल. कन्या येणाऱ्या-जाणाऱ्याला वाचून दाखवते.

माझे शेअर आता एवढ्यावर आलेत की सगळे विकले तर बुटांची एक जोडी येईल. विंडो उघडली आहे. विकत नाही. कंपनी सावरेल. तसं निवेदन परवाच काढलंय.

हिने बाबांकडून थोडे पैसे घेऊन वॉशिंग मशीन ठरवलं. शनिवारी येणार.

५ ऑगस्ट
नवे साहेब आलेत. तरुण, दात पांढरेशुभ्र. सगळ्यांना एकेक करून केबिनमध्ये बोलावलं. मला पंधरा मिनिटं दिली, फायनान्सवाल्याला पाचच. माझ्या सगळ्या निवेदनांचा अभ्यास केलाय म्हणाले. हातात पत्र दिलं. पहिलंच वाक्य: कंपनी आपल्या पदाची कालानुरूप फेरमांडणी करत असून, त्यायोगे आपल्यावरील अवलंबित्व लक्षणीयरीत्या कमी होत आहे.

इतक्या वर्षांत वरच्या कुणी माझी भाषा उचलल्याचं हे पहिलं उदाहरण. जबाबदाऱ्या कमी करून मला बहुधा वरच्या कामासाठी मोकळं करतायत. तपशील महिनाअखेरीला कळतील असं आहे.

रात्रीच्या जेवणाला सासरे, सासूबाईही होत्या. काठी न घेता चालत आल्या. मी पत्राबद्दल काही बोललो नाही, ऑफिसची गोष्ट ऑफिसात. एवढंच म्हटलं, की नवे साहेब फार भला माणूस आहे, आणि हल्ली कॅन्टीनचा चहासुद्धा बरा असतो.

 सासऱ्यांनी हिच्याकडे पाहिलं. ही उठली, हात धुतले, दुकानात फोन लावला आणि मशीन पाठवू नका म्हणाली.